माजघराचा वाटा

माझ्या थोरल्या भावाला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याने शेवटी गळाभेटीची वाट पाहू नये.

घर रायपूरला, बुढापाऱ्यात, तलावाकडून आत येणाऱ्या गल्लीत. रेल्वेच्या नोकरीसाठी वर्ध्याकडून आलेल्या आमच्या बाबांनी ते बांधलं. रस्त्याच्या बाजूला दोन खोल्या, त्यांच्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर, अंगण, विहीर आणि वर गच्चीला लागून एक खोली. समोरची रुंदी तेवीस फूट, मागच्या गल्लीपर्यंत लांबी बासष्ट. सरकारी कचेरीच्या लेखा विभागात माझं आयुष्य गेलं, आकड्याशिवाय मला घर सांगता येत नाही. आम्ही दोघंच भाऊ, बहीण नाही. आई आधी गेली, मागून बाबा. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. म्हणजे निम्मं त्याचं, निम्मं माझं. तिसरीतल्या पोराला येईल असा हा भागाकार आहे.

भावाला मी इथल्या रिवाजाप्रमाणे भैयाच म्हणतो. त्याचं गुढियारीत धान्याच्या दलालीचं काम. तो बाबांबरोबर त्या घरात राहिला. मी लग्नानंतर वर्षभरात समता कॉलनीत भाड्याने राहायला गेलो, कारण वहिनी आणि माझी बायको एका स्वयंपाकघरात मावत नाहीत असं ठरलं. हे ठरवलं वहिनीने. भांडण झालं नाही. बायकोने लावलेला डबा वहिनी पुन्हा उतरवून लावायची, इतकंच. एक वर्षभर रोज.

आता महालक्ष्म्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच फिरलं. भाद्रपदात आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात. पितळी मुखवटे, लोखंडी कोठ्या, त्यांना नेसवलेल्या साड्या, पुढ्यात दोन बाळं, वर टांगलेला फुलोरा. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील आणि पन्नास-साठ माणसांची जेवणं. बसतात त्या माजघराच्या उजव्या कोपऱ्यात. एका वर्षी माजघराची फरशी बदलायची होती म्हणून आईने त्यांना समोरच्या खोलीत मांडलं, आणि त्याच महिन्यात बाबा गाडीवरून पडून पाय मोडून घरी आले. त्यानंतर आई म्हणाली, आता ह्या कोपरा सोडणार नाहीत. कुळाचाराला तेवढं पुरतं.

आई गेल्यावर तो कुळाचार वहिनीने ताब्यात घेतला. माझी बायको आदल्या दिवशीच तिकडे जायची, भाज्या चिरायची, भांडी घासायची. साडीच्या निऱ्यांना मात्र हात लावायचा नाही. "राहू दे, तुले नाही जमणार," वहिनी म्हणायची. बायको जेवायची शेवटच्या पंगतीला, तेव्हा पुरण संपलेलं असायचं आणि सोळातल्या सहा-सात भाज्या उरलेल्या असायच्या. ती दरवर्षी विचारायची, आमच्याकडे लहान मुखवटे आणून मांडू का? आणि वहिनी दरवर्षी, वाढता वाढता, सगळ्या पाऱ्यासमोर, म्हणजे मोहल्ल्यासमोर, एकच उत्तर द्यायची, "घर एक तर महालक्ष्म्या एक. वाटण्या झाल्या की मांडजो आपल्या घरी. अन् ह्या तं जागा सोडतच नाहीत."

बायको रिक्षात घरापर्यंत बाहेर बघत असायची. मी भाड्याचे सुटे पैसे मोजायचो. मला वाटायचं, बायकांचं आहे.

बाबा गेल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी आईचा पाटा-वरवंटा आणायला गेलो. दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत एक अनोळखी माणूस टेप लावून भिंत मोजत होता. त्याने टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "जरा पकड़ना भैया."

मी पकडलं. सवयीने आकडाही वाचून सांगितला. मग विचारलं, "किसके लिए नाप रहे हो?"

"सेठजी ले रहे हैं. पूरा मकान."

"किससे?"

"मालिक से." त्याने हनुवटी आतल्या दिशेने उडवली. "मालिक तो एक ही हैं न?"

"किसने कहा?"

"मालिक ने."

टेपचं टोक मी सोडलं. ते सपकन जाऊन त्याच्या बोटांवर बसलं. त्याचा काही दोष नव्हता.

भैया माजघरात पंख्याखाली आडवा पडला होता. मला बघून उठला नाही.

"घर विकून राहिला तू?"

"पाहून राहिलो. भाव चांगला आहे."

"अन् माझा वाटा?"

"तुझा वाटा तुले भेटला ना बे."

"कधी?"

"बाबानं तुले बी.कॉम. केलं. मी दहावीतून गुढियारीत धान्याचे बोरे मोजाले गेलो. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तो तुझा वाटा. घर माझं. बाबानं जिवंतपणीच तोंडी वाटणी करून टाकली."

"कोणासमोर?"

"माझ्यासमोर."

तो दहावीतून गेला हे खरं आहे. नापास झाल्यामुळे गेला हेही खरं आहे. बाबांच्या शेवटच्या आजारात त्याने आणि वहिनीने केलं, ते मी नाकारत नाही. मीही रोज ऑफिसातून तिकडे जायचो. पण बाबांसारखा माणूस, जो किराणा आणल्यावर सुटे पैसे आईच्या हातात मोजून द्यायचा, तो घराची वाटणी एका मुलाच्या कानात सांगून जाईल हे मी मेलो तरी मानणार नाही.

आतून वहिनी आली. "चहा घेता का भाऊजी?"

त्या घरात मला हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. चहा न विचारता यायचा. विचारतात पाहुण्याला. मी पाटा-वरवंटा न घेताच निघालो, आणि बूढा तलावाजवळ गाडी उभी करून बराच वेळ बसलो. रडलो वगैरे नाही. याला आता सोडायचं नाही, एवढाच विचार डोक्यात होता.

वकील म्हणाला, कायदा तुमच्या बाजूने आहे. मग चष्मा काढून म्हणाला, "लेकिन भाई साहब, वो दो गवाह ले आएगा कि बँटवारा हो चुका. आप भी कुछ दिखाइए कि नहीं हुआ. केस तो चलेगी, चलती रहेगी. मेरी मानिए, पहले ग्राहक को भगाइए. झगड़े का मकान कोई नहीं लेता."

न झालेल्या गोष्टीचा साक्षीदार कुठून आणायचा? घरी येऊन मी हेच बोलत होतो. बायको शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "ताई सांगतात ना दरवर्षी." वहिनीला ती ताई म्हणते.

"काय सांगतात?"

"वाटण्या झाल्या नाहीत म्हणून. मागच्या भाद्रपदातही सांगितलं, बाबा गेल्यावर. मास्तर तिथंच जेवत होते."

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक. पाऱ्यातली अर्धी भांडणं त्यांच्या ओट्यावर सुटतात, उरलेली तिथेच सुरू होतात. बायकोने सोललेले दाणे पुढे सरकवले. "पुन्हा सांगतील की. मी विचारलं की सांगतीलच. फक्त ऐकणारा बरोबर पाहिजे."

इतकी वर्षं मी हिच्याबरोबर संसार केला आणि ही काय चीज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

भाद्रपद जवळच होता. मी भैयाकडे गेलो आणि मान खाली घालून बसलो. म्हणालो, तुझंच बरोबर असेल, भांडून काय करायचं. तो लगेच थोरला झाला, माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी सहन केला. जाताना म्हटलं, "सेठले महालक्ष्म्यांच्या जेवणाले बोलाव ना. घर घेऊन राहिले ते. प्रसाद घेऊ दे, शुभ असते."

"हव, हे चांगलं सांगितलं," भैया म्हणाला. आनंद झाला की तो छत्तीसगढीत होकार देतो.

जेवणाच्या दिवशी अंगणात पंगत मांडली होती. सेठ सफारी घालून आले, महालक्ष्म्यांपुढे हात जोडले, भरपूर दक्षिणा ठेवली आणि मास्तरांशेजारी पाटावर बसले. समोर मी. भैया कमरेला पंचा बांधून स्वतः आग्रह करत फिरत होता. पुरणपोळी आली, तूप आलं. सेठ जेवणारा माणूस होता. "भाई, ये आंबील क्या चीज है," म्हणत तिसरी वाटी घेत होते. वहिनी नऊवारीत, नाकात नथ, हातात तुपाचं भांडं. वर्षातला हा तिचा दिवस.

बायको माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण अगदी गरीब तोंड करून, म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षीपासून आमच्याकडे मांडू का आम्ही?"

भैयाच्या हातात भज्यांचं ताट होतं. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

वहिनी थबकली नाही. तूप वाढता वाढता, नथ सावरत, ठरलेल्या चालीवर म्हणाली, "कितीदा सांगू तुले? घर एक तर महालक्ष्म्या एक! वाटण्या झाल्याच कुठं? झाल्या की मांडजो!"

"अगं..." भैया म्हणाला.

"काय अगं? बरोबर बोलून राहिली मी. आत्याबाईनं सांगितलं ते सांगून राहिली." आत्याबाई म्हणजे तिची सासू, आमची आई.

सेठना मराठी बोलता येत नव्हतं, पण रायपुरात जन्म गेलेल्या माणसाला समजतं तेवढं पुरेसं. त्यांनी घास ताटात ठेवला आणि मास्तरांकडे वळले. "क्या कहा इन्होंने? बँटवारा नहीं हुआ?"

मास्तर शिक्षकच. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात दिलं. "जी नहीं, नहीं हुआ है. ये तो हर साल यही कहती हैं." मग माझ्याकडे बोट केलं. "आधा इनका है. छोटे भाई हैं."

"आप?" सेठ मला म्हणाले. "आपने तो कुछ बताया ही नहीं."

"आपने पूछा नहीं, सेठजी," मी म्हणालो. "कढी लीजिए."

त्यांनी कढी घेतली. प्रसाद टाकून उठण्याइतके ते असंस्कारी नव्हते, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं, हात धुतला, पान घेतलं आणि दारात भैयाला म्हणाले, "पहले घर का घर में देख लीजिए. फिर बुलाइएगा." त्यांची गाडी गल्लीत वळेना म्हणून दोघांनी मागे उभं राहून हातवारे करत ती वळवून दिली. मी त्यातला एक होतो.

पंगती संपल्यावर विहिरीपाशी भैयाने मला गाठलं. "तू मुद्दाम केलं."

"हो."

"बायकोले पुढं केलं."

"नाही. तीच पुढं झाली."

आत तो वहिनीवर ओरडत होता आणि वहिनी त्याच्यावर. "मग मी काय सांगाले पाहिजे होतं? मांड म्हणू? महालक्ष्म्या देऊन टाकू तिले?" तिला पूर्ण घर हवं होतं आणि महालक्ष्म्याही एकट्या हव्या होत्या. घरासाठी वाटणी झालेली असायला हवी होती, महालक्ष्म्यांसाठी न झालेली. दोन्ही एका तोंडात मावलं नाही. त्या रागातही मला हिशेब जुळल्याचं समाधान मिळालं.

त्यानंतर भैयाला दुसरा मार्ग राहिला नाही. सेठ आता फक्त समोरचा भाग मागत होते, तेही रीतसर वाटणीची रजिस्ट्री दाखवल्यावर. दिवाळीनंतर मास्तरांच्या ओट्यावर बैठक झाली. मास्तर म्हणाले, आपल्या गावाकडची रीत सरळ आहे. वाटे थोरल्याने पाडायचे, उचलायचा धाकट्याने.

भैयाने आठ दिवस घेऊन वाटे पाडले. एक वाटा समोरचा: रस्त्याच्या दोन खोल्या आणि ओटा. दुसरा मागचा: माजघर, स्वयंपाकघर, अंगण, विहीर, वरची खोली आणि सगळी गच्ची, येण्याजाण्याचं दार मागच्या गल्लीतून. चौरस फुटांत मागचा जवळपास दुप्पट. मला जागेचा आकडा दाखवून मागे पाठवायचं आणि रस्त्याचा भाग सेठला द्यायचा, हा त्याचा बेत मला बघताक्षणी कळला. कारण बाजारभावाने मोजलं तर समोरचाच वाटा जड होता, चांगला जड. आमच्या घरच्या पुरुषांची एक जुनी खोड आहे: महालक्ष्म्यांचं सगळं बायकांवर सोडायचं आणि घराचं सगळं बायकांना न विचारता ठरवायचं. भैयाने वाटे पाडताना वहिनीला विचारलं नव्हतं.

वाटा उचलायचा दिवस आला. मास्तर, भैया, आम्ही दोघं, अंगणात खुर्च्या टाकून. मी स्वतःचा टेप नेला होता. समोरच्या खोल्या पुन्हा मोजल्या. ओटा मोजला. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं. भैया घाम पुसत होता. थंडीचे दिवस होते.

"लवकर सांग ना बे. कितीदा मोजशील?"

"सांगतो. घाई काय आहे? माझा वाटा तर मले आधीच भेटला होता ना?"

मास्तर खोकल्यासारखं हसले. मी ओट्यावर उभा राहून रस्त्याकडे बघितलं, जणू तिथे दुकान कसं दिसेल ते बघतोय. भैयाच्या तोंडावरचा रंग जाताना मी पाहिला. समोरच्या भागाचा बयाणा, म्हणजे विसार, त्याने सेठकडून घेतलेला होता, हे मला मास्तरांकडून कळलं होतं. मी त्याला तसंच बराच वेळ ठेवलं. मग आत आलो. बायकोकडे पाहिलं. आमचं रात्रीच बोलणं झालं होतं. मी तिला दोन्ही वाट्यांच्या किमती मांडून दाखवल्या होत्या आणि ती म्हणाली होती, तुम्ही म्हणाल ते. पण म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं, तेव्हाच माझं ठरलं.

"मागचा," मी म्हणालो.

भैयाने खुर्चीत अंग सोडलं. त्याला हसू आवरेना. "पक्का ना?"

"पक्का. मास्तर, लिहा."

मास्तरांनी लिहिलं. तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. ती मध्येच उभी राहिली.

"मागचा कसा? मागं तं माजघर आहे."

"मग?" भैया म्हणाला.

"मग काय मग! महालक्ष्म्या कुठं मांडू मी?"

भैया क्षणभर गोंधळला. "उचलून समोर आणू. त्यात काय."

बायकोने पुढे होऊन तिच्या हातातला ट्रे घेतला. "ताई," ती म्हणाली, "त्या तं जागा सोडत नाहीत ना?"

वहिनीने भैयाकडे जे पाहिलं, ते मी आजही मनात हवं तेव्हा काढून बघतो. सेठच्या व्यवहारात त्याला जो फायदा झाला त्यात त्या नजरेची वजावट मी धरलेली आहे.

रजिस्ट्री झाली. समोरच्या खोल्या सेठनी पाडून दुकान काढलं. भैया शहराबाहेर नव्या वसाहतीत फ्लॅटमध्ये गेला. लिफ्ट आहे, पार्किंग आहे. मी मध्ये भिंत घातली, प्लास्टर स्वतः उभं राहून करून घेतलं आणि समता कॉलनी सोडून मागच्या घरात राहायला आलो. माझं दार मागच्या गल्लीत उघडतं, जिथे नालीचा वास येतो आणि दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकाला मागे जावं लागतं. रुपयांत मी हरलो आहे. माझा मुलगा म्हणतो, "पापा, आपने घाटे का सौदा किया." मी त्याला म्हणतो, "हो, केला." ऑफिसात मी कोणाची अशी फाईल पुढे जाऊ दिली नसती.

पुढच्या भाद्रपदात त्याच कोपऱ्यात, छताच्या त्याच कड्यांना फुलोरा टांगून, माझ्या बायकोने महालक्ष्म्या मांडल्या. मुखवटे तेच; ते जागेबरोबर राहिले, मास्तरांनी तसं लिहिलंच होतं. आम्ही दोघं कुंकू घेऊन भैयाच्या फ्लॅटवर बोलावणं करायला गेलो. मला जायचंच होतं. भैयाने काम आहे म्हणून सांगितलं. कुळाचाराचं बोलावणं वहिनीला मोडता येईना.

ती आली. मागच्या गल्लीतून, नालीवरून पदर सावरत. दारात थांबली. त्या घरात लग्न होऊन आलेली बाई, आत येऊ का असं विचारावं की नाही हे तिला कळेना. शेवटी तिने विचारलं नाही, पण चप्पल बाहेर काढताना वेळ लावला. आत येऊन महालक्ष्म्यांपुढे बसली आणि तिचा हात आपोआप ज्येष्ठेच्या निऱ्यांकडे गेला. निऱ्या थोड्या वाकड्या होत्या, हे मलाही दिसत होतं.

"राहू द्या, ताई," बायको म्हणाली.

वहिनीने हात मागे घेतला. मग उठली, पदर खोचला, स्वयंपाकघराकडे वळली. "पंगत बसून राहिली ना? आण, मी पोळ्या वाढतो."

बायकोने तिचा दंड अगदी हलके धरला आणि तिला अंगणात नेलं. पहिल्या पंगतीतला पहिला पाट, रांगोळी काढलेला, समोर उदबत्ती. इतकी वर्षं जिने कधी पहिल्या पंगतीला बसून पाहिलं नाही, त्या माझ्या बायकोने वहिनीला तिथे बसवलं आणि तिच्या पानात गरम पुरणपोळी वाढली.

"बसा ना," ती म्हणाली. "पाहुण्यांनी उठायचं नसते."

वहिनी बसली. तुपाचं भांडं मी माझ्या हातात घेतलं आणि तिच्या पानात वाढलं, ती पुरे म्हणेपर्यंत. तिने पुरे म्हणायला वेळ लावला; तोवर तूप पोळीवरून पानाच्या काठापर्यंत गेलं होतं.